माहेरचा हिस्सा आणि परदेशचा पत्ता

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरातलं कुणी ना कुणी आज परदेशात आहे. कुणाची नणंद, कुणाचा दीर, कुणाची सख्खी बहीण. दिवाळीला फराळाचे डबे जातात, फोन होतात, सगळं कसं गोड असतं. पण इथलं सामाईक घर विकायची वेळ आली, की कराचा असा काही गुंता पुढे येतो की भावाबहिणींत अबोला व्हावा. आमच्याकडे ती पाळी आली होती, म्हणून आज हा विषय.

नाशिकचा फ्लॅट मामंजींनी 2012 मध्ये 56 लाखांना घेतला. त्यांच्या माघारी तो ह्यांच्या आणि वन्संच्या नावावर निम्मानिम्मा झाला. वन्संचा संसार गेली कित्येक वर्षं अमेरिकेत. 2025 मध्ये 80 लाखांचं गिऱ्हाईक आलं. प्रत्येकी 40 लाख, हिशेब सरळ होता. पण घेणाऱ्यांचे वकील म्हणाले, "साहेबांच्या हिश्श्यातून 1 टक्का, म्हणजे 40 हजार कापू. ताईंच्या हिश्श्यातून मात्र 5 लाख 20 हजार कापावे लागतील."

वन्संना फोनवर सांगितलं, तर पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "वहिनी, एकाच घराला दोन न्याय कसे हो?" ह्यांना ते फार लागलं. बहिणीला वाटतंय आपण तिला फसवतोय! त्या रात्री जेवण कुणाच्याच घशाखाली उतरेना.

शेवटी एका चार्टर्ड अकाउंटंटकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. कायदा इथे पासपोर्टचा रंग पाहत नाही, माणूस त्या वर्षी भारतात किती दिवस राहिला ते पाहतो. भारतीय पासपोर्ट असूनही माणूस करापुरता परदेशस्थ असू शकतो. विकणारा इथला रहिवासी असेल आणि घराची किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर घेणारा 1 टक्का कापतो. विकणारा परदेशस्थ असेल, तर साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर, मिळून 13 टक्के. उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं, तर अधिभार आणखी. (घर दोन वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असलं, तर हे दर. वारशाच्या घराला आधीच्या मालकाची वर्षंही धरतात.)

खरी मेख पुढेच आहे. कर लागतो तो नफ्यावर. वन्संचा नफा 40 वजा 28, म्हणजे 12 लाख. त्यावर 13 टक्के, म्हणजे 1 लाख 56 हजार. पण घेणारा मात्र आपली मान अडकू नये म्हणून पूर्ण 40 लाखांवर कापतो. कमी कापलं तर बाकीची रक्कम व्याजासकट त्याच्याच मानगुटीवर बसते, तेव्हा त्यालाही बोल लावता येत नाही. जास्त कापलेले 3 लाख 64 हजार परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, वाट पाहून.

यावर उपाय आहे. विकणाऱ्याने आयकर खात्याकडे 'कर कमी कापावा' असा दाखला मागायचा. खरेदीची कागदपत्रं, घेणाऱ्याशी झालेला करार, नफ्याचा हिशेब, सगळं जोडावं लागतं. यात आठवडे जातात. म्हणून पैसे हातात पडण्याआधी, अगदी बयाण्याच्याही आधी, याची तजवीज हवी. आम्ही घेणाऱ्यांकडून मुदत मागून घेतली, दाखला आला, आणि वन्संचे साडेतीन लाखांहून जास्त अडकायचे वाचले.

एक फरक मात्र उरलाच. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई धरून 20 टक्क्यांचा जुना हिशेब कमी पडत असेल, तर तो करायची मुभा इथल्या रहिवाशाला आहे, परदेशस्थाला नाही. तेव्हा भावाचा कर कमी आणि बहिणीचा जास्त, हे घडू शकतं. त्यात भावाची लबाडी नसते!

तर मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा:

1. परदेशातल्या हिस्सेदाराचं पॅन कार्ड आणि बँकेतलं एन.आर.ओ. खातं आधी तयार ठेवा. या खात्यातून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, पण कर भरल्याचे कागद आणि वारसाहक्काचे पुरावे लागतात.

2. कापलेल्या कराचा दाखला घेणाऱ्याकडून मागून घ्या. अमेरिकेतही ही विक्री दाखवावी लागते, आणि इथे भरलेल्या कराची तिथे वजावट मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

3. तुम्ही घर घेणाऱ्या असाल, तर बयाणा देण्याआधी विचारा, "सगळे मालक कुठे राहतात?" संकोच करू नका. चुकलं तर भुर्दंड तुम्हालाच.

4. नियम आणि दर बदलत असतात. व्यवहाराच्या वेळी जाणकाराला विचारूनच पाऊल टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हिशेबाचा कागद दोघांना एकाच दिवशी पाठवा. आम्ही तो पाठवला, तसा वन्संचा फोन आला. म्हणाल्या, "दादाला द्या जरा." अर्धा तास बोलत होती दोघं. पैशांचा विषयसुद्धा निघाला नाही.