भाकड गाईचा शोक

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातील मोरी गाय वाचकांना आठवत असेलच. श्यामच्या आईखेरीज ती कोणाला दूध काढू देत नसे. मोरी गेली तेव्हा त्या माउलीला झालेल्या दुःखाचे कारण कोणाला सांगावे लागत नाही. मोरी घरची होती, दुभती होती. परंतु जी कोणाचीच नाही, जिने कोणाच्या घरी पेलाभर दूधही दिले नाही, अशा गाईसाठी कोणी डोळे पुसले तर?

असे गेल्या श्रावणात देपालपूरनजीकच्या एका गोशाळेत घडले. ट्रकच्या धडकेने मागचा पाय मोडलेली ही गाय पाच वर्षांपूर्वी तेथे आणली गेली होती. अस्सल माळवी वाणाची, पांढरी, मानेवर काळसर झाक असलेली. तेथल्या वृद्ध सेवकाने तिचे नाव चांदी ठेवले. ती कधी व्यायली नाही. पण आई हरवलेली वासरे रात्री तिच्याच कुशीला येऊन बसत. संध्याकाळी सेवकाची हाक ऐकल्याशिवाय ती गव्हाणीत तोंड घालीत नसे. ती गेली त्या दिवशी त्याने चूल पेटवली नाही. लोक हसले. भाकड गाईचे एवढे काय, म्हणाले. आपल्या भाषेनेही या शब्दाला फारशी दया दाखवलेली नाही. जी दूध देत नाही ती भाकड, आणि जिच्यात अर्थ नाही ती भाकडकथा!

इंदूरच्या आडा बाजाराची आख्यायिका आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडले आणि गाय त्याच्यापाशी बसून राहिली. अहिल्याबाईंनी पुत्रालाही तीच शिक्षा फर्मावली, तेव्हा ती गायच रथाला आडवी आली. म्हणून तो आडा बाजार. इतिहास याला दुजोरा देत नाही. मालेराव १७६७ मध्ये आजाराने वारले. तथापि मुक्या जिवाच्या शोकाचीही दाद लागली पाहिजे, ही लोकमनाची अपेक्षा त्या कथेत आहे. चांदीची दाद मात्र कोणाकडे मागावी?

कारण पशुवैद्यांनी तिचे पोट उघडले तेव्हा कोटीपोटात पॉलिथीनच्या पिशव्यांचा घट्ट गोळा निघाला. गाय प्रथम घास गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. गाठ मारून फेकलेल्या पिशवीतील शिळ्या पोळीचा वास तिला येतो, पण गाठ सोडायला तिला हात नाहीत. गिळलेली पिशवी पचत नाही, पुढेही सरकत नाही. वर्षानुवर्षे साचत जाते. डावी कूस फुगलेली आणि अंगावर बरगड्या, असे जनावर हल्ली कोणत्याही गावात दिसेल. भरल्या पोटी उपाशी मरणे ते हेच. ती रस्त्यावर असताना गिळलेल्या पिशव्या गोशाळेच्या पाच वर्षांच्या चाऱ्यानेही बाहेर पडल्या नाहीत.

आगर-माळवा जिल्ह्यातील सालरिया येथे ४७२ हेक्टरांवर गोअभयारण्य २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झाले. पहिल्याच हिवाळ्यात तेथे अनेक गाई दगावल्या आणि शवविच्छेदनात पॉलिथीन आढळल्याची वृत्ते आली. म्हणजे अभयारण्यात आणलेल्या गाईही आपला मृत्यू गावांतूनच पोटात घेऊन आल्या होत्या. १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. बाजारातून मेथीची जुडी मात्र अजून तशाच पिशवीतून येते.

त्या सेवकाने तो गोळा धुऊन गोशाळेच्या फाटकावर टांगला आहे. वसुबारसेला आपल्या मराठी घरांतील सुवासिनी तेथे नैवेद्य घेऊन गेल्या. ज्यांनी तो पॉलिथीनमधून आणला होता, त्यांचा नैवेद्य त्याने गव्हाणीत ओतला आणि रिकामी पिशवी घडी घालून, एक शब्द न बोलता, ज्याची त्याच्या हाती परत दिली.