'राष्ट्रीय' म्हणे! (व्हाया बस)

एखादी स्पर्धा 'राष्ट्रीय' केव्हा म्हणायची? माझ्या मते व्याख्या साधी आहे: देशातले चांगले संघ एकमेकांसमोर येतात आणि कोण कोणाशी खेळणार हे त्यांच्या खेळावरून ठरतं. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांची पुरुषांची आइस हॉकी स्पर्धा, म्हणजे एनसीएए डिव्हिजन थ्रीची, या व्याख्येत अर्धीच बसते. उरलेलं अर्धं बसमध्ये बसतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे तीन विभाग आहेत. पहिला श्रीमंतांचा, टीव्हीवरचा. तिसऱ्यात चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, म्हणजे संख्येनं सगळ्यात मोठा, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी. पोरगा कितीही भारी गोली असो, त्या जोरावर फीमध्ये एक डॉलरची सूट नाही. त्यातली ऐंशीहून अधिक कॉलेजं बर्फावर हॉकी खेळतात. ही स्पर्धा १९८४ पासून आहे, पहिला विजेता बॅबसन. १९९५ ते १९९९ सलग पाच वर्षं मिडलबरी जिंकलं. हे व्हर्मॉन्टमधलं कॉलेज पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या अकरावीत मावेल एवढंसं. अलीकडे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं होबार्टनं ओळीनं मारली. २०२२ चा अंतिम सामना लेक प्लॅसिडला झाला, १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं त्याच रिंकवर. थोडक्यात, गल्ली क्रिकेट नाही हे.

आता घोळ कुठे आहे ते बघा. जेमतेम डझनभर संघांना प्रवेश मिळतो. २०२४-२५ पासून लीगचे विजेते सोडून बाकीच्यांची निवड एका गणिती क्रमवारीनं होते. उत्तम! आम्हा इंजिनियर मंडळींना आवडेल असंच. पण निवड झाल्यावर जोड्या लावताना नकाशा बाहेर निघतो. अनेक वर्षं ही स्पर्धा ज्या नियमावर चालली तो असा: ५०० मैलांच्या आत असाल तर रस्त्यानं या, त्यापलीकडे असाल तरच विमान. आणि विमानं कमीत कमी उडावीत म्हणून जवळचे संघ आधी एकमेकांवर सोडायचे. ५०० मैल म्हणजे ८०० किलोमीटर. पुण्याहून नागपूरला बसनं जा, उतरल्या उतरल्या स्केट्स चढवा आणि पुढचे तीन पिरियड खेळा.

पूर्वेकडे न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडात ढिगानं कॉलेजं आहेत, तिथे फारसं बिघडत नाही. मार खातात ते पश्चिमेकडचे, विस्कॉन्सिन-मिनेसोटावाले. ते मोजके आणि शेजारी-शेजारी. त्यामुळे तिथले दोन तगडे संघ सुरुवातीलाच एकमेकांच्या गळ्यात. एकाचा निकाल शेवटच्या चारांच्या आधीच लागतो, तोही हरला म्हणून नाही, शेजारी राहतो म्हणून!

तुम्ही म्हणाल, तो संघ नाहीतरी पुढे हरलाच असता. बरं, मग २०१४ चा अंतिम सामना आठवा: सेंट नॉर्बर्ट विरुद्ध स्टीव्हन्स पॉइंट. २०१६ चा? तेच दोघे, फक्त निकाल उलटा. दोन्ही कॉलेजं विस्कॉन्सिनमधली, दीड-दोन तासांच्या अंतरावर. हेच दोघे आधीच्या फेरीत एकमेकांवर सोडले असते, तर देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ मार्चच्या मध्यात घरी बसून परीक्षेचा अभ्यास करत असता. आणि आपण म्हणालो असतो, पश्चिमेत यंदा दम नव्हता.

आपल्या धंद्यात याला चुकीची गोष्ट ऑप्टिमाइझ करणं म्हणतात. काढायचा होता देशातला उत्तम संघ, काढलं स्वस्तात स्वस्त वेळापत्रक. कोड अगदी बरोबर चालतो, उत्तर मात्र भलत्याच प्रश्नाचं.

पैशाचा मुद्दा येणारच, तर तो घेऊ. एनसीएएच्या घटनेप्रमाणे डिव्हिजन थ्रीला एकूण उत्पन्नातला ३.१८ टक्के वाटा मिळतो. उत्पन्नाचा मोठा झरा म्हणजे डिव्हिजन वनचं पुरुषांचं बास्केटबॉल. २०२५ ते २०३२ या आठ वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ८.८ अब्ज डॉलरला गेलेत. यावर लोक म्हणतात, 'ते पैसे बास्केटबॉलवाल्यांनी कमावले, हॉकीवाल्या छोट्या कॉलेजांनी काय कमावलं?' काहीच नाही, कबूल. पण मग ट्रॉफीवर नाव संघटनेचं, बॅनरवर 'नॅशनल चॅम्पियन्स' आणि बिल आलं की 'तुम्ही तर हौशी'? असं कसं चालेल?

हौशी या शब्दाचा तर मला रागच आहे. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजचं बघा. २००५ मध्ये तिथे हजारसुद्धा विद्यार्थी नव्हते. नव्या अध्यक्षांनी खेळ वाढवले, बर्फाची रिंक बांधली. खेळायला पोरं आली, पटसंख्या जवळजवळ दुप्पट झाली, आणि २०२२ ला हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपदही आलं. मी त्यांना नावं ठेवत नाहीये, कॉलेज वाचलं त्यामुळे. पण म्हणजे ही पोरं फुकट खेळत नाहीत, ती फी भरून खेळतात, आणि त्या फीवर कॉलेज चालतं. व्यवहार दोन्ही बाजूंनी आहे, फक्त शेवटी बसमध्ये एकच बाजू बसते.

अभ्यास बुडतो हा युक्तिवाद तर सोडाच. रात्रभर बसमध्ये वाकडी मान करून कोण पुस्तक वाचतं? आपण सगळ्यांनी केलेत तसे प्रवास.

आणि मागणी तरी किती मोठी आहे? उपांत्यपूर्व फेरीत सामने चार. जोड्या फक्त क्रमवारीनं लावल्या आणि प्रत्येक सामन्यात एक संघ विमानानं आला असं धरलं, तर संघ चार. संघामागे ३० माणसं धरा: १२० तिकिटं. जाऊन-येऊन ५०० डॉलर पकडले तरी ६०,००० डॉलर. तिकडे बास्केटबॉलच्या हक्कांचे वर्षाला सरासरी १.१ अब्ज येणार आहेत. ही १२० तिकिटं काढा, नाहीतर बॅनरवरचा 'नॅशनल' खोडून तिथे 'बसच्या टप्प्यातले चॅम्पियन' असं लिहा.