फॉर्मेट मारण्याआधी

"काका, फॉर्मेट मारी दइए." या एका वाक्याचा मला या आठवड्यात फार राग आला.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या गल्लीत राहणारे काका पेन ड्राइव्ह घेऊन प्रिंट काढायला गेले. घरी येऊन उघडतात तर सगळ्या फोल्डरांच्या जागी कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट. दुरुस्तीवाल्या मुलाने स्क्रीनवर नीट नजरही न टाकता वरचा उपाय सांगितला. काका होकार देणार, इतक्यात त्यांच्या सुनेने मला हाक मारली, म्हणून वाचलं.

त्या ड्राइव्हमध्ये काय होतं, हे त्या मुलाने विचारलंच नाही. काकांच्या पणजोबांची मोडीतली पत्रं होती. गेली काही वर्षं काका भिंग घेऊन ती बाळबोधीत उतरवताहेत. विश्वामित्रीला पूर आला, गाडी पलीकडेच अडकली, बैलांच्या वैरणीचं काय करायचं, अशी घरगुती पत्रं. अशी पत्रं कुठल्याच ग्रंथालयात मिळत नाहीत.

मी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या. निम्म्याहून जास्त जागा भरलेली, आणि आत फोल्डर मात्र एकही नाही! म्हणजे माल जागेवरच होता, फक्त लपवलेला. हा व्हायरस मूळ फोल्डरांवर 'हिडन' आणि 'सिस्टम' असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. शॉर्टकट दाबला की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालू होतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू'खाली लपलेल्या फाइली दाखवायला सांगितल्या, संरक्षित सिस्टम फाइली लपवण्याची खूण काढली, आणि पत्रांचे फोल्डर फिकट पिवळे होऊन समोर आले. मग अँटीव्हायरस फिरवला, शॉर्टकट पुसले, आणि 'अ‍ॅट्रिब' या आज्ञेने दोन्ही शिक्के उतरवले. फॉर्मेट कशाला हवं होतं?

ती खूण काढल्यावर काकांच्या नातवाला सी ड्राइव्हमधल्या अवाढव्य फाइली दिसल्या आणि तो त्याही पुसायला निघाला. त्यालाही थांबवलं. 'पेजफाइल' म्हणजे रॅम कमी पडली की विंडोजला लागणारी जागा, तिला हात लावायचा नाही. 'हायबरफिल' नको असेल तर हायबरनेशन बंद करावं, ती आपोआप जाते. 'विंडोज डॉट ओल्ड' हा जुन्या विंडोजचा फोल्डर डिस्क क्लीनअपमधून काढावा. काम झालं की ती खूण पुन्हा लावून ठेवावी.

मला चीड येते ती दुरुस्तीच्या या आळसाची. रहिमतपूरचे कैलास काटकरही पुण्यात संगणकच दुरुस्त करायचे. 1990च्या दशकात व्हायरस लागलेली यंत्रं त्यांच्याकडे येऊ लागली, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला. क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी तिथून उभी राहिली. गिऱ्हाइकाचा माल वाचवायचा, ही दुरुस्तीची पहिली अट असायला हवी.

आणि मोडीच्या बाबतीत तर ही अट दुप्पट कडक हवी. बडोदे संस्थानच्या दफ्तरातले निवडक कागद 1934पासून छापून निघाले, ते राजकारणाचे, खलित्यांचे. घरातल्या ट्रंकेतली मोडी कोण छापणार? युनिकोडमध्ये मोडीला 2014 साली जागा मिळाली, पण ती वाचणारी माणसं आपल्या शहरात विरळ होत चालली आहेत. काकांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी उतरवलेलं एक पान गेलं, तर ते पुन्हा उतरवायला कोण बसणार आहे?

आता त्या पत्रांची एक प्रत काकांच्या मुलीकडे पुण्याला गेली आहे, दुसरी माझ्याकडे आहे. एका पत्राच्या शेवटी तारखेच्या ओळीत काका अडले आहेत, शाई पसरली आहे. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी भागात मोडी वाचणारं कोणी असेल, तर वर्तमानपत्राच्या पत्त्यावर मला दोन ओळी टाका. पत्राचा फोटो मी लगेच पाठवतो.