गुरांच्या रक्तपरीक्षेस जंतूंचे साहाय्य

मुंबईच्या डिलाईल रोडवरील चाळींत राहून गिरणीत राबलेल्या कित्येक कुटुंबांची गुरेढोरे कोकणात व घाटावर असत. त्या रस्त्यावरून लोहमार्ग ओलांडला की परळ लागते. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून गुरांचे वैद्य घडवीत आले आहे. तरीही ‘प्रयोगशाळेतील संशोधनाचा आमच्या गोठ्यास काय उपयोग?’ असे शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देणे बरे.

शरीरात रोगजंतू शिरले की त्यांच्याशी झुंजणारी प्रतिपिंडे रक्तात निर्माण होतात. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या काही जंतूंच्या अंगावर या प्रतिपिंडांना घट्ट धरणारे ‘प्रथिन जी’ असते. आंब्याचे कलम बांधावे, त्याप्रमाणे शास्त्रज्ञांनी १९८६ साली त्याचे जनुक दुसऱ्या, सहज वाढणाऱ्या जंतूत बसविले. मग बियाणे पारखावे तसे त्या प्रथिनाचे गुणधर्म पारखण्यात आले. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांची प्रतिपिंडे ते धरते. कोंबडीची धरीत नाही. त्याचा एक भाग रक्तातील अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनासही चिकटतो, असे दिसून आले. म्हणून तो भाग वगळून शुद्ध प्रथिन तयार करण्यात आले.

याच प्रथिनावर आधारलेली, सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस ओळखण्याची चाचणी बंगळूरच्या ‘निवेदी’ या राष्ट्रीय पशुरोग संस्थेने तयार केली आहे. रक्तजलात रोगाची प्रतिपिंडे असली की रंग उमटतो. निरनिराळ्या जनावरांसाठी निरनिराळी द्रव्ये लागत नाहीत.

परंतु रक्ताचा नमुनाच आला नाही, तर ही विद्या व्यर्थ होय. गाभडलेली गाय मुकाट्याने बाजारात विकणे म्हणजे आपले दुखणे शेजाऱ्याच्या दावणीस बांधणे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा रोग माणसासही जडतो व दीर्घकाळ ताप आणतो.

म्हणून ग्रामसेवकांनी गाभडलेल्या प्रत्येक जनावराची वर्दी पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. लस टोचली असल्यास तसे अवश्य कळवावे, कारण लशीमुळेही प्रतिपिंडे उत्पन्न होतात. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नये. चुना टाकून खोल पुरावी. दूध उकळूनच प्यावे. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. आता गोठ्याने आपले करावे.