आईचं कोण करतं?

परदेश पाहून आलेल्या बाईनं काय लिहायचं ते ठरलेलंच असतं. तिथली स्वच्छता, तिथली शिस्त, आणि शेवटी ‘आपल्याकडे हे कधी होणार?’ गेल्या उन्हाळ्यात व्हिएन्नाला अकरा दिवस राहून आल्यावर मलाही तसंच लिहायचा मोह झाला होता.

ज्यांच्याकडे राहिले त्या दोघी बहिणी. २०१५ साली मनालीहून लेहला जाताना दरड कोसळून आम्ही केलाँगमध्ये दोन दिवस अडकलो, तिथं एका खोलीत तीन खाटा मिळाल्या आणि ओळख झाली. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि सगळं कळतं असं वाटत होतं. दोघी चळवळीतल्या. थोरली शाळेत शिकवते, धाकटी ग्रंथालयात आहे. पत्रव्यवहार टिकला, आणि दहा वर्षांनी मी त्यांच्या दारात उभी राहिले.

धाकटीनं मला शहर दाखवलं ते राजवाड्यांचं नव्हे. पहिल्याच दिवशी कार्ल मार्क्स होफला नेलं. १९३० मध्ये बांधून झालेली, किलोमीटरभराहून लांब कामगार-वसाहत. घरांबरोबरच सामायिक धुलाईघरं आणि बालवाड्याही बांधलेल्या. मग फ्लोरिड्सडोर्फ भागातली फ्राउएन-वेर्क-श्टाट. १९९७ साली पुरी झालेली ही ३५७ घरांची वसाहत स्त्री वास्तुरचनाकारांनी आखली. बाबागाड्या ठेवायला जागा, अंगणात खेळणाऱ्या मुलांवर घरातून नजर राहील अशी रचना, आवारातच बालवाडी. बागांचंही तसंच. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात, हे तिथं अभ्यासातून लक्षात आलं. मोकळी जागा फुटबॉल खेळणारे मुलगे व्यापतात, मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. म्हणून १९९९ च्या सुमारास आइन्झीडलर पार्कसारख्या बागांची रचना बदलली. मोठ्या मैदानाचे लहान तुकडे केले, पायवाटा आणि बसायच्या जागा वाढवल्या. आपल्या वस्तीतल्या समाजमंदिराचा ओटा आठवा. संध्याकाळी सहानंतर तिथं मुलगी दिसते का?

हे सगळं मनापासून आवडलं, आणि तरी मला लिहायचं आहे ते त्यांच्या घराबद्दल.

दोघींची आई चौऱ्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करायला रुमानियाहून आलेली एक बाई आहे. चार आठवडे इथं, चार आठवडे आपल्या गावी. ती गेली की दुसरी येते. रात्री आजींच्या शेजारच्या खोलीत झोपते आणि तीन-चारदा उठते. ऑस्ट्रियात या कामाला २००७ च्या कायद्यानं मान्यता दिली. आज पन्नास हजारांहून अधिक जणी ते करतात, बहुतेक रुमानिया आणि स्लोव्हाकियातल्या. कागदोपत्री त्या जवळजवळ सगळ्या ‘स्वयंरोजगार’ करणाऱ्या. म्हणजे कामाचे तास, किमान वेतन, पगारी रजा यांचे कायदे त्यांना लागू नाहीत. २०१९ पासून तर सरकारनं मुलांसाठीचा भत्ता मूल ज्या देशात राहतं तिथल्या महागाईप्रमाणे द्यायला सुरुवात केली, म्हणजे या बायकांचा कापला. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं.

मी तिला विचारलं, तुमच्या आईचं कोण करतं? थोरलीनं भाषांतर केलं. उत्तर आलं, “सगळं ठीक आहे.” मालकिणीनं केलेलं भाषांतर कितपत धरायचं, हे आपल्याला कामावरून माहीत असतं. नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना तिनं फोनवर फोटो दाखवले. आई, बारा वर्षांचा मुलगा, आणि दोघांना सांभाळणारी बहीण. बहिणीकडे बोट दाखवून तिनं हात जोडले.

रात्री मी थोरलीशी वाद घातला. पाहुणीनं घालू नये तसा. ती चिडली नाही. म्हणाली, “मी नोकरी सोडून आईजवळ बसावं असं तुला म्हणायचंय का? मग आम्ही इतकी वर्षं कशासाठी भांडलो?” मला तसं म्हणायचं नव्हतंच. माझं म्हणणं एवढंच की घरातल्या पुरुषानं आणि सरकारनं न उचललेलं काम आपण आपल्यापेक्षा गरीब बाईकडे सरकवलं, तर त्याला वाटणी म्हणता येत नाही. त्या शहरानं धुणं आणि मुलं घराच्या चार भिंतींबाहेर काढून सगळ्यांची केली. या घरातलं म्हातारपण मात्र अजून बाईच्याच अंगावर होतं, फक्त बाई बदलली होती.

तिनं मग सहज विचारलं, “आत्ता तुझ्या आईजवळ कोण आहे?”

ब्यूरोतून आलेल्या मावशी. एरवी बारा तासांसाठी येतात, या अकरा दिवसांसाठी मीच त्यांना रात्रीही राहायला सांगितलं होतं. रात्रीचे जादा पैसे किती, हे न ठरवता विमानात बसले होते. मावशींची स्वतःची सासू घरी आहे, एवढं मला माहीत होतं. पुढचं मी कधी विचारलेलं नव्हतं. व्हिएन्नातल्या परक्या बाईला पहिल्याच दिवशी विचारलं, आणि घरात तीन वर्षं येणाऱ्या बाईला नाही.

परतल्यावर विचारलं. त्यांची मुलगी करते सासूचं. त्यासाठी तिनं अकरावीला नाव घातलं नाही. रात्रीचे पैसे मी दिले, मावशींनी न मोजता पिशवीत टाकले. आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यायची आणि त्या दिवशी भावानं यायचं, असं मी भावाला सांगितलं आहे. “बघू,” म्हणाला. पहिल्या रविवारी आला नाही.