उन्हाळ्यात संगणक का मंदावतो?

मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशच असते. आतला पंखा हवा थंड करत नाही. खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे खोली १० अंशांनी तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. १०० अंशांच्या आसपास तो स्वतःचा वेग कमी करतो. तरीही न भागल्यास संगणक बंद पडतो. म्हणून जाळीतली धूळ काढा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, कूलरचा दमट झोत थेट त्यावर घेऊ नका. जड कामे सकाळीच उरका. घरून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी आणि ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीही विदर्भात भर दुपारची वेळ टाळायला हवी.