आईला जरा उठू द्या!

शुक्रवारी हिंजवडीतून लॉगआउट, मग नगरची एसटी. (जिल्हा कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात मात्र अजून नगरच.) घरी आईची कीमो चालू. पोचल्या पोचल्या तुमचा पहिला डायलॉग काय? "आई, तू फक्त पडून राहा." आणि रात्री दोनला आई आढ्याकडं बघत टक्क जागी.

कॅन्सरमध्ये झोप उडायला कारणं भरपूर. दुखणं, काळजी, उलट्या होऊ नयेत म्हणून कीमोसोबत दिलेलं स्टेरॉइड, स्तनाच्या कॅन्सरच्या काही गोळ्यांनी रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा. स्टेरॉइडचा डोस सकाळी घेता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारायला काय जातं? पण विचारतंय कोण! 'एवढा मोठा आजार, त्यात झोपेचं काय घेऊन बसलीस' म्हणून आईच गप्प.

आपल्याकडं पेशंट म्हणजे खाट. चहा खाटेवर, सिरियल खाटेवर, भेटायला आलेली भावकी खाटेभोवती. मग मेंदूही शिकतो, खाट म्हणजे जागायची जागा. सीबीटी-आय नावाची थेरपी नेमकी हीच सवय मोडते. खाट फक्त झोपेपुरती. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून ओसरीवर बसायचं, झोप आली की परत. (अशक्तपणा असेल तर सोबत कुणीतरी हवंच.) रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच. दुपारची डुलकी अर्धा तास, बास.

अमेरिकेत २०१९ मध्ये कॅन्सरमधून सावरलेल्या १६० जणांवर ८ आठवडे हे करून पाहिलं. अ‍ॅक्युपंक्चरनं लोकांची झोप चांगली सुधारली, सीबीटी-आयनं त्याहून जास्त. योगाचंही तसंच. २०१३ च्या रॉचेस्टरच्या अभ्यासात ४१० जण होते. सौम्य आसनं, प्राणायाम, ध्यान; आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं, चारच आठवडे. झोप सुधारली, वर झोपेच्या गोळ्याही कमी लागल्या.

आता प्रॅक्टिकल बोलू. सीबीटी-आय करणारा थेरपिस्ट तालुक्याला कुठं मिळणार? लोणीच्या प्रवरा हॉस्पिटलला किंवा पुण्याला तपासणीला जाल, तेव्हा झोपेचा विषय तुम्हीच काढा. सकाळच्या उन्हात अंगणात चार फेऱ्या चालतील का, तेही विचारून घ्या. खाटेसमोरचा टीव्ही हलवा. भावकीला संध्याकाळी सहाच्या आत चहा पाजून वाटेला लावा. हे काम सगळ्यात अवघड, मान्य.

आणि तो रोजचा रात्री साडेदहाचा कॉल, "झोपलीस का गं?" तो सकाळी सातला लावा. तुम्हालाही सातला उठावं लागेल, हा भाग वेगळा.